डाव्या बाजूला अर्धा इंच

तळेगाव ढमढेऱ्यात मी बायकांचे ब्लाऊज शिवायची. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांचं शिवणाचं दुकान बाजारात होतं, पण ते गड्यांचं. पायजमे, सदरे, शाळेचे गणवेश. बायकांचं शिवण घरात, माझ्याकडे. पुढच्या खोलीत एक पडदा लावलेला, पडद्याआड मशीन आणि भिंतीवरच्या खिळ्यांना गिऱ्हाइकांचे मापाचे ब्लाऊज लटकवलेले. आमचं घर मुसलमानाचं, म्हणून गावातल्या साऱ्या बायका मला भाभी म्हणायच्या. माझ्या आईच्या वयाच्या होत्या त्यासुद्धा.

अंगावरून माप घ्यायची पद्धत तेव्हा आमच्याकडे फारशी नव्हती. बाई जुना, अंगाला बसलेला ब्लाऊज आणून द्यायची, मी त्यावरून कापायची. इतकी वर्षं इतक्या बायकांचे कपडे शिवले, पण त्यांच्या अंगाला माझा हात क्वचितच लागला असेल.

माझ्या गिऱ्हाइकांत भीमेपलीकडच्या राहू गावातल्या एका बागायतदाराच्या घरची सून होती. तिचं माहेर आमच्या तळेगावातलं. बाजारच्या दिवशी जीपनं यायची, आईला भेटायची, भाजी घ्यायची आणि जाताना माझ्याकडे टेकायची. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, अंगानं भरलेली, मोठ्यानं हसणारी. घरात ऊस, नवरा सोसायटीवर संचालक, सासू कडक. मी तिला वहिनी म्हणायची, तिच्या नवऱ्याला दादा. ईदच्या दुसऱ्या दिवशी ती शीरखुर्मा खायला हटकून यायची आणि वर डब्यात घालून न्यायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी एकदा तिनं एक ब्लाऊज परत आणला.

"भाभी, डावी बाजू जरा सैल कर. काचतंय."

मी शिवण उसवली, आतलं कापड मोकळं केलं, अर्धा इंच दिला. तीनेक महिन्यांनी दुसरा ब्लाऊज घेऊन आली. पुन्हा डावीच बाजू. मी हसत म्हणाले, "वहिनी, एकाच अंगानं जाड व्हायला लागलात का?" तीही हसली. हे वाक्य आठवलं की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं.

त्यानंतर तिच्या मुलीचं लग्न ठरलं. नवीन फॅशनचे, कटोरीचे ब्लाऊज शिवायचे होते. त्याला मापाचा ब्लाऊज चालत नाही. मी तिला पडद्याआड उभी केली आणि टेप छातीभोवती घेतला. डाव्या काखेच्या खाली, जरा पुढं, माझ्या बोटांना काहीतरी टणक लागलं. सुपारीएवढं. मला आधी वाटलं, आत रुमालात काही बांधून ठेवलंय; आमच्या बायका ठेवतात तसं. म्हणून मी पुन्हा हात लावला. रुमाल नव्हता. ते अंगातच होतं. दाबलं तरी जागचं हलत नव्हतं. आणि त्याच्या वरची कातडी, शिवताना दोरा ओढला गेला की कापड जसं गोळा होतं, तशी आत ओढली गेली होती.

टेप माझ्या हातातून खाली पडला.

"वहिनी, हे काय?"

"गाठ हाय. जाईल."

"कवापासनं?"

"गेल्या उन्हाळ्यापासनं आसंल. दुखत न्हाई गं आजाबात. दुखत आसती तर दाखवली नसती व्हय?"

"दादांना सांगितलं?"

"तुझं काय डोकं फिरलंय? पोरीचं लगीन तोंडावर हाय. आन् आत्याबाईंना कळलं तर घर डोक्यावर घेतील." मग तिनं माझा हात धरला. "कुणाला बोललीस तर माझी शपथ हाय तुला. लगीन होऊं दे, मग बघू."

मी शपथ घेतली. मनाची समजूतही घातली. माझ्या आईनं लहानपणापासून सांगितलं होतं, अंगावर पाजणाऱ्या बाईला दुधाच्या गाठी होतात आणि जातात. वहिनीचं धाकटं लेकरू बारा वर्षांचं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण दुखत नाही ना, मग काळजीचं काही नसणार, ही गोष्ट मलाही खरी वाटत होती. मी तिचे पाच ब्लाऊज शिवले. पाचही ब्लाऊजांत डावीकडे अर्धा इंच जास्त.

लग्नाला मी गेले होते. मंगलाष्टकं चालू असताना ती माझ्यापुढेच उभी होती. अक्षता टाकायला तिचा उजवा हात वर जात होता. डावा हात अंगाला चिकटून होता. मी ते पाहिलं आणि पंगतीत बसून जेवून घरी आले.

लग्न होऊन दोन महिने झाले. ती बाजारला आली, बसली, पोरीच्या सासरचं कौतुक सांगून गेली. गाठीचं तिनं काढलं नाही. मीही विचारलं नाही.

मग एक दिवस आरोग्य केंद्राच्या नर्सबाई घरोघर सांगत आल्या, शाळेत बायकांचं शिबिर आहे, पुण्याहून डॉक्टरीणबाई येणार आहेत. मी मैत्रिणीच्या आग्रहानं गेले. वर्गाच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती, शिपायालाही बाहेर घालवलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पिशवीतून रबराची एक छाती काढून टेबलावर ठेवली आणि वर्गात असा हशा उसळला की दोन-तीन बायकांनी तोंडात पदर कोंबला. बाई थांबल्या. हशा संपू दिला.

"यात गाठी लपवल्यात," त्या म्हणाल्या. "एकेकीनं या आणि शोधून दाखवा."

कुणी उठेना. माझी मैत्रीण म्हणाली, "भाभी, तू जा, तुझ्या हाताला सवय हाय." मी गेले. त्यांनी दाखवलं तशी मधली तीन बोटं सपाट ठेवली, हळूहळू गोल फिरवत काखेकडे नेली. आणि माझा हात जागच्या जागी थिजला. तीच. तशीच टणक, तशीच न हलणारी.

"पटकन सापडली की तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बोटं तिथंच ठेवून मी विचारलं, "बाई, असली गाठ दुखती का?"

"नाही. सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. म्हणून तर बायका घरी बसून राहतात."

मी परत बाकावर येऊन बसले. नजरेसमोर ते पाच ब्लाऊज येत होते.

त्यापुढं त्या जे बोलल्या ते मी एका कानानं ऐकत होते, तरी त्यातलं अक्षर न् अक्षर माझ्या लक्षात राहिलंय. महिन्यातून एकदा, पाळी येऊन गेल्यावर आठ-दहा दिवसांत, आरशासमोर उभं राहायचं. हात खाली सोडून बघायचं, मग दोन्ही हात वर करून बघायचं. आकार बदललाय का, कातडीला खळी पडलीय का, ती संत्र्याच्या सालीसारखी झालीय का, बोंड आत गेलंय का, त्यातून पाणी किंवा रक्त येतंय का. मग आंघोळीच्या वेळी नाहीतर आडवं पडून हातानं तपासायचं, काखेपर्यंत, दोन्हीकडे. ज्यांची पाळी गेलीय त्यांनी महिन्यातली एक तारीख धरून ठेवायची. "आणि घाबरू नका," त्या म्हणाल्या, "सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात. बऱ्याच साध्या असतात. पण कुठली साधी आणि कुठली नाही, हे आपण घरी बसून ठरवायचं नाही. ते डॉक्टरला ठरवू द्या. आणि हातानं तपासलं म्हणून डॉक्टरची तपासणी सुटत नाही. चाळिशीनंतर डॉक्टरांना विचारून तीही करून घ्या."

एका म्हातारीनं विचारलं, "होऊच नये म्हणून काय औषध हाय का?"

"औषध नाही मावशी. वजन आवाक्यात ठेवा, रोज पायी चाला, लेकराला अंगावर पाजा, दारूपासून लांब राहा. यानं धोका कमी होतो, पण होणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. आणि ती मिसरी सोडा. तिनं तोंडाचा कॅन्सर होतो."

अर्ध्या वर्गानं माना खाली घातल्या. सकाळी लावलेली मिसरी माझ्याही दाताला होती.

शिबिर संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "बाई, गाठीवरची कातडी आत ओढली गेली असेल तर?"

त्या चालता चालता थांबल्या. "तुमची?"

"नाही."

"मग कुणाची?"

"शपथ घातलीय मला."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला रडू यायला लागलं. "शपथ मोडा," त्या म्हणाल्या. "आजच्या आज मोडा."

घरी येऊन मी मालकांना सगळं सांगितलं. तोवर एका शब्दानं बोलले नव्हते. ते हातातली कात्री खाली ठेवून एवढंच म्हणाले, "इत्ते दिन चुप बैठी? जा, अब्बी जा." मी तशीच जीपनं राहूला गेले. भीमेचा पूल कधी मागं पडला ते मला कळलं नाही.

वहिनी स्वयंपाकघरात भाकरी करत होती. मला अवेळी आलेली पाहून तिचा चेहरा पडला. मी दाराला टेकून हळू आवाजात सांगायला लागले. शिबिर, रबराची छाती, गाठ दुखत नाही ते का. ती पिठाचे हात तसेच धरून ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "म्हंजी तू बोललीस? माझी शपथ मोडलीस?"

"मोडली."

"भाभी, तू माझी वैरीण हायस का?"

"वैरीण समजा, पण उद्या पुण्याला चला."

आमचे आवाज चढले असणार. मधल्या खोलीचं दार वाजलं आणि तिची सासू दारात येऊन उभी राहिली. साठीची, ताठ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या घरात तिच्या परवानगीशिवाय दुधाचं पातेलंही चुलीवर चढत नसे.

"काय चाललंय?"

वहिनीनं मला डोळ्यांनी गप्प केलं. पण मी आता गप्प बसण्यातली नव्हते. "आत्याबाई, यांच्या छातीला गाठ हाय. वर्ष झालं. डॉक्टरला दाखवायला पायजे."

मला वाटलं, आता मला हाकलून देणार. आत्याबाई वहिनीच्या जवळ गेल्या.

"कुठं?"

वहिनीनं डावीकडे हात नेला.

"दुखती?"

"न्हाई."

"दार लाव," आत्याबाई मला म्हणाल्या.

मी दार लावलं. त्या पाटावर बसल्या. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझीबी दुखत नव्हती."

त्यांनी पदर काढला आणि चोळीची गाठ सोडली. आत जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या घड्या होत्या, एकावर एक. त्या त्यांनी एकेक करून उचलल्या. सगळ्यात खालची चिकटलेली होती, ती ओढताना त्यांनी दात आवळले. हळद आणि कडुलिंबाचा पाला लावलेला होता आणि त्याच्या खालून जो वास आला तो मी शब्दांत सांगू शकणार नाही. उजवी छाती उरलीच नव्हती. तिथं जखम होती, तळव्याएवढी, कडांना काळी, मधे ओली.

तव्यावरची भाकरी जळत होती.

मग वहिनीच्या घशातून एक आवाज निघाला. रडण्याचा नव्हता, किंचाळण्याचाही नव्हता. ती पिठाच्या हातांनी भिंत धरत खाली बसली.

"कवापासनं, आत्याबाई?"

"चार वर्सं झाली आसतील. फुटून दीड वर्स झालं."

दीड वर्षापूर्वी आत्याबाईंनी अचानक मधल्या खोलीत एकटीचं झोपणं सुरू केलं होतं. नातवंडांना जवळ घेईनाशा झाल्या होत्या. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आपले कपडे आपणच धुवायच्या. घरातले म्हणायचे, वयानं सोवळं वाढलंय. त्यांच्या चोळ्याही माझ्याकडे शिवायला यायच्या बंद झाल्या होत्या. मला वाटलं होतं, दुसरीकडे टाकत असतील. तिथं उभं राहून या साऱ्याचा अर्थ लागत होता. एका छपराखाली सासू नि सून, दोघी एकाच दुखण्याच्या, आणि दोघी एकमेकींपासून चोरून.

"मला का न्हाई सांगितलं?" वहिनी म्हणाली.

"तू तरी कुठं सांगितलंस?"

"मला तुमचं भ्या वाटलं."

आत्याबाईंनी चिंध्या पुन्हा लावायला घेतल्या. मी पुढं होऊन चोळीची गाठ बांधली. "आन् मला तुझी लाज वाटली," त्या म्हणाल्या. "सुनंपुढं कसं उघडं व्हायचं? म्हनलं, एवढा ऊस जाऊं द्या. मग म्हनलं, नातीचं लगीन होऊं द्या."

त्यांनी स्वतः मुलाला बोलावून घेतलं. तो शेतातून चिखलाच्या पायांनी आला. आत्याबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी जीप काढ. आमाला दोघींना पुण्याच्या दवाखान्यात न्यायचंय." त्याला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तो उंबऱ्यावरच बसला. एकदा आईकडे बघायचा, एकदा बायकोकडे. "मी रोज हितं जेवतोय," तो सारखा म्हणत होता. "रोज दोन टाइम हितं बसून जेवतोय मी."

पुण्याला मीही बरोबर गेले. वहिनीचा छातीचा मशीनवरचा फोटो काढला, गाठीत सुई घालून तपासणी केली. कॅन्सरच निघाला. काखेत पोचला होता, पुढं गेला नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं, उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषधं, मग लाईट, म्हणजे किरणांचे शेक. तिचे केस गेले, भुवया गेल्या. ती हसायची ती बंद झाली, ती बऱ्याच महिन्यांनी पुन्हा सुरू झाली.

आत्याबाईंची जखम डॉक्टरांनी पट्टी बदलताना पाहिली आणि मुलाला बाहेर बोलावलं. त्यांचा कॅन्सर फुप्फुसात गेला होता. पट्ट्या आणि दुखणं कमी करायच्या गोळ्या, एवढंच हातात होतं. त्या सात महिने जगल्या. पण त्या सात महिन्यांत त्यांनी काहीही झाकून ठेवलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका कॉटजवळ बसून चुकचुकायला लागल्या की त्या दरडावून विचारायच्या, "माझं ऱ्हाऊं दे. तुझी बघितलीस का?" बाई लाजली तर म्हणायच्या, "सुनंसंगं मोरीत जा, ती दाखवील कसं बघायचं त्ये." आणि वहिनी, डोक्याला रुमाल बांधलेली, हातावर सुयांचे काळे डाग असलेली, खरंच घेऊन जायची. त्यातून गावातल्या एकीची गाठ निघाली. वाटाण्याएवढी. ती वेळेत दवाखान्यात पोचली.

वहिनीसाठी मी नवे ब्लाऊज शिवले. आतून अस्तराला एक खिसा केला आणि त्यात मऊ कापडाची पिशवी बसवली. नुसता कापूस भरला तर ती बाजू वर उचलली जायची. मग मी मोहरी भरून बघितली. वजन बरोबर बसलं. ती पडद्याआड आरशात बराच वेळ बघत राहिली आणि मग बसून रडली. मी मशीनवर बसून राहिले.

तेव्हापासून मी अंगावरूनच माप घ्यायला लागले. माप घेताना प्रत्येकीला सांगायची. काही बायकांना ते रुचलं नाही. "भाभी लई आगाव झाली" म्हणून दोन-चार गिऱ्हाइकं तुटली. बाकीच्या ऐकायच्या. मला वाटायचं, माझं आता सगळं पक्कं झालंय, मला कुणी काही शिकवायला नको.

आणि मग चार-पाच वर्षांनी एका सकाळी आंघोळीला बसले असताना माझ्याच उजव्या बाजूला गाठ लागली.

मी काय केलं असेल? काही नाही. अंग पुसलं, कपडे घातले, चहा ठेवला. कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लावला, होती. तिसऱ्या दिवशी हातच लावला नाही. पडद्याआड बायकांना सांगत होते, लपवू नका, उशीर करू नका, आणि माझी जीभ अडखळत नव्हती. असे नऊ दिवस गेले. ती जखम मी डोळ्यांनी पाहिली होती, तो वास घेतला होता, आणि तरी नऊ दिवस. स्वतःची इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

दहाव्या दिवशी बाजार होता. वहिनी येऊन बसली आणि मी माप लिहिता लिहिता रडायला लागले. तिनं कारण विचारलं नाही. पडदा ओढला, म्हणाली, "दाव." तिनं बोटं सपाट ठेवून शांतपणे तपासलं. मग बाहेर जाऊन माझ्या मालकांना हाक मारली आणि भाजीची पिशवी माझ्या घरातच टाकून आमच्याबरोबर दवाखान्यात आली.

माझी गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी कागद हातात दिला तेव्हा मला तो वाचता येईना, अक्षरं हलत होती. वहिनीनं वाचला, दोनदा वाचला आणि घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवला.

ती अजून दर वर्षी पुण्याला तपासणीला जाते. आईला झालं म्हणून डॉक्टरांनी तिच्या मुलीलाही लवकर तपासण्या सुरू करायला सांगितल्या. मुलगी आधी टाळत होती, आता जाते. मिसरी सोडायला मला दोन वर्षं लागली. संध्याकाळी मी न्हावऱ्याच्या रस्त्यानं चालायला जाते. आणि दर महिन्याला, हात वर करून आरशासमोर उभी राहते तेव्हा, दर वेळी, छातीत धस्स होतं. ते काही कमी झालेलं नाही.